घरी हळूहळू उभी केलेली येझदी आणि पुण्याचे दोन बाजार

हा अभिप्राय पुण्यातल्या दोन बाजारांविषयी आहे. एक मंगळवार पेठेतला जुना बाजार, जो रविवारी आणि बुधवारी भरतो, आणि दुसरी नाना पेठ, जिथे दुचाकीच्या सुट्या भागांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. गेली चार वर्षे मी आमच्या इमारतीच्या पार्किंगमधल्या एका कोपऱ्यात येझदी 250 ही गाडी सुट्या भागांतून उभी करत होतो आणि तिचा जवळजवळ प्रत्येक भाग या दोन ठिकाणांहून आला. गाडी या पावसाळ्याआधी रस्त्यावर आली. माझे मत आधीच सांगतो: ज्याला गाडी घाईने पूर्ण करायची आहे त्याने जुन्या बाजाराच्या वाटेला जाऊ नये, पण ज्याच्याकडे पैशापेक्षा रविवार अधिक आहेत त्याच्यासाठी याहून चांगली जागा मला महाराष्ट्रात आढळलेली नाही.

आधी गाडीविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय खरेदीची अडचण समजणार नाही. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने 1961 पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या परवान्याखाली या गाड्या बनवल्या, 1973 पासून त्या येझदी या नावाने विकल्या आणि 1996 साली उत्पादन थांबले. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडलेला सर्वांत तरुण भागसुद्धा आज पंचवीस वर्षांहून जुना आहे, आणि त्यानंतरचा प्रत्येक भाग कोणीतरी नमुना पाहून बनवलेला आहे. 2022 साली त्याच नावाने बाजारात आलेल्या गाड्यांचे इंजिन चार-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणारे आहे, त्यामुळे त्यांच्या इंजिनाचा कोणताही भाग जुन्या दोन-स्ट्रोक गाडीला लागत नाही. जमेची बाजू एवढीच की आयडियल जावाने एकच घराणे वर्षानुवर्षे थोड्याथोड्या फरकाने चालवले, म्हणून जावाचे पुष्कळ भाग येझदीला बसतात आणि रोडकिंग या येझदीच्याच दुसऱ्या मॉडेलचेही काही थोड्या खटपटीने बसवता येतात. माझ्या गाडीची चेसिस आणि इंजिन येझदी 250 चे, टाकी आणि पुढचा मडगार्ड जावाचा, हँडल रोडकिंगचे, कार्बोरेटर मिककार्ब आणि सीट इथेच एका कारागिराकडून शिवून घेतलेली आहे.

जुन्या बाजारात सकाळी लवकर जावे. ताडपत्र्या पसरल्या जात असतात, पोती सोडली जात असतात, आणि विक्रेत्याने स्वतःही आपल्या पोत्यात काय आले आहे ते अजून नीट पाहिलेले नसते. दहा वाजल्यानंतर गर्दी वाढते आणि चांगला माल ज्यांना ठाऊक आहे ते घेऊन गेलेले असतात. नळ, पाने, पितळी भांडी, मोटारी, घड्याळे आणि जुने मोबाइल यांच्यामध्ये गाड्यांचे भाग विखुरलेले असतात. कुठल्या पट्ट्यात काय मिळेल याचा अंदाज चारसहा खेपांनंतरच येतो. पहिल्या खेपेत मी काहीच घेतले नाही आणि तोच सर्वांत शहाणपणाचा रविवार होता असे आज वाटते.

या बाजारात जाताना पैशाच्या पाकिटापेक्षा पिशवी महत्त्वाची. माझ्या पिशवीत बारीक मापे घेण्याचा व्हर्निअर कॅलिपर, छोटी बॅटरी, तारेचा ब्रश, लोहचुंबक आणि त्या दिवशी जो भाग हवा असेल त्याचा जोडीदार भाग असे. शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची आहे. येझदीला गिअर आणि किक यांसाठी एकच दांडा असतो. पायाने खालीवर केला की गिअर पडतो आणि तोच आत दाबून वर फिरवला की किक होते. एकाच दांड्यावर दोन्ही कामांचा भार असल्यामुळे त्याच्या भोकातले बारीक दाते झिजतात आणि मग ऐन चौकात किक निसटते. माझा दांडा असाच झिजलेला होता. बाजारात दांडे पुष्कळ दिसत, बाहेरून सगळे सारखे, काहींना तर नवे क्रोम चढवलेले. मी इंजिनातून काढलेला शाफ्ट फडक्यात गुंडाळून नेत असे आणि प्रत्येक दांडा त्यावर चढवून, बोल्ट न आवळता, हाताने डावीउजवीकडे हलवून पाहत असे. नऊ दांडे मी असे परत ठेवले. दहावा काळपट, गंजलेला, टोकाचे रबर नसलेला होता, पण शाफ्टवर चढवताना त्याला अंगठ्याने नेटाने दाबावे लागले आणि चढल्यावर तो तसूभरही हलला नाही. तारेच्या ब्रशने दाते घासले तेव्हा त्यांच्या कडा शाबूत दिसल्या. त्याला मी दीडशे रुपये दिले. क्रोम केलेल्या दांड्यांचे चारशे सांगत होते.

या अनुभवातून मी माझ्यापुरता एक नियम केला आणि तो पुढे कायम उपयोगी पडला. जे स्थिर आहे ते जुने घ्यावे, जे फिरते किंवा घासते ते मोजल्याशिवाय घेऊ नये, आणि जे रबराचे किंवा विजेचे आहे ते नवेच घ्यावे. मडगार्ड, टाकी, दिव्याची वाटी, फूटरेस्ट, स्टँड, टूलबॉक्स, इंजिनाची झाकणे या गोष्टी जुन्या बाजारातून निःशंकपणे घ्याव्यात. आज नव्याने बनणाऱ्या मडगार्डचा पत्रा पातळ असतो, बोटाने दाबला की वाजतो, आणि खडबडीत रस्त्यावर वर्षभरात बोल्टच्या भोकाशी चिरतो. जुन्या मडगार्डला पोचे असतील, गंज असेल, पण पत्रा जाड असतो आणि चांगला डेंटिंगवाला तो पूर्ववत करून देतो.

टाकी घेताना मात्र वेळ काढावा. बाहेरचा रंग पाहण्यात अर्थ नाही. टोपण काढून आत बॅटरीचा उजेड टाकावा, नाक जवळ नेऊन वास घ्यावा आणि तळाच्या शिवणीवर नखाने खरवडून पाहावे. लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला असेल तर नख रुतते. माझी टाकी आतून तांबूस होती, पण शिवण निरोगी होती. घरी आणून मी तिच्यात व्हिनेगर आणि मूठभर नट टाकले, दोन दिवस येताजाता हलवली, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली आणि लगेच वाळवून आतून तेल फिरवले. बाहेर आलेले पाणी चहाच्या रंगाचे होते. चारपाच वेळा धुतल्यावर आतला पत्रा राखाडी दिसू लागला, तेव्हा मला टाकीचा भरवसा वाटला.

आता तक्रारीचा भाग. क्रँककेस म्हणजे ज्यात इंजिनाचा क्रँक फिरतो ते दोन बाजू जोडून बनलेले आवरण. माझ्या क्रँककेसचा, ज्याने इंजिन चेसिसला धरून राहते तो, एक कान तुटलेला होता. ज्या बाजूवर इंजिन नंबर असतो ती बाजू माझी मलाच ठेवायची होती, म्हणून तुटलेल्या बाजूच्या जागी बसवायला दुसऱ्या इंजिनाची तशीच बाजू मी एका व्यापाऱ्याकडून घेतली. त्याने ती कोणत्याही येझदीला चालेल असे ठामपणे सांगितले आणि मी विश्वास ठेवला. त्याचे किंवा दुकानाचे नाव मी इथे देणार नाही, कारण चूक निम्मी माझीही होती. क्रँककेसच्या दोन बाजू कारखान्यात एकत्र आवळून एकाच वेळी कापलेल्या असतात. त्या दोघींची बेअरिंगची घरे एका रेषेत असतात ती त्यामुळे. दोन वेगवेगळ्या इंजिनांच्या बाजू जोडल्या की बोल्ट बसतात, गॅस्केटही बसते, पण रेषा जुळेलच असे नाही. माझ्याकडे बोल्ट सैल असताना क्रँक बोटाने फिरत होता आणि बोल्ट आवळत गेलो तसा जड होत शेवटी थांबला. सिलिंडर जिथे बसतो त्या तोंडावरून मी अंगठा फिरवला तेव्हा दोन बाजूंच्या सांध्यावर नख अडकले. ती पायरी केसाइतकी असेल, पण दोन-स्ट्रोक इंजिनाला तेवढी फट पुरते, कारण त्याचा क्रँककेस हवाबंद राहिला तरच ते नीट श्वास घेते.

पाच महिने त्यात गेले. अखेर मी माझी तुटलेली मूळ बाजूच भोसरीत नेली. तिथल्या एका आर्गन वेल्डिंग करणाऱ्या कारागिराने कान भरून दिला आणि शेजारच्या मशिन शॉपने दोन्ही बाजू एकत्र आवळून तोंड हलकेच साफ करून दिले. खर्च व्यापाऱ्याकडच्या खरेदीपेक्षा कमी आला. जो जुन्या बाजाराचा वाटसरू आहे त्याला माझे आग्रहाचे सांगणे असे की आपल्या इंजिनाची मूळ जोडी तुटकी असली तरी टाकून देऊ नये. अॅल्युमिनिअमचे काम करणारे उत्तम हात पुणे-चिंचवडच्या पट्ट्यात आहेत आणि परकी बाजू जुळवण्यापेक्षा आपली बाजू सांधणे केव्हाही सोपे.

याच काळात मला जुन्या बाजारातला खरा माणूस भेटला. पोते पसरून बसणारे एक वयस्क विक्रेते होते; सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. मी त्यांच्याकडचा एक क्रँक हातात घेऊन पाहत होतो, कनेक्टिंग रॉड वर खाली करून खुळखुळ जाणवते का ते तपासत होतो. ते म्हणाले, "दादा, तो नेऊ नका. तुम्हाला इंजिन बांधायचंय, मला भंगार विकायचंय. तो भंगारात जाईल." हातातले गिऱ्हाईक असे सोडून देणारा माणूस बाजारात विरळा. त्यानंतर मी काय हवे त्याची चिठ्ठी त्यांच्याकडे ठेवू लागलो आणि चेन कव्हरचा वरचा भाग, स्पीडोमीटरची कडी, मागच्या दिव्याचा पत्रा असे बारीकसारीक भाग त्यांनी महिन्या-दोन महिन्यांनी काढून ठेवलेले मिळाले. आठवड्यातून दोनदा भरणाऱ्या बाजाराची ही चाल हळू काम करणाऱ्याच्या चालीशी जुळते. ज्याला आजच दांडा हवा असतो तो नवे क्रोम केलेला घेतो. ज्याला पुढच्या महिन्यात चालेल त्याला शाबूत दात्यांचा मिळतो. किमतीच्या घासाघिशीतही हेच खरे आहे, कारण हातातली वस्तू खाली ठेवून शांतपणे पुढे जाता येणे ही जुन्या बाजारातली सर्वांत मोठी ताकद आहे आणि ती घाईत असलेल्या माणसाकडे नसते.

नाना पेठेचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. तिथे बिल मिळते, वस्तू डब्यात येते, आणि दुकानदाराला भागाचे नाव अचूक सांगावे लागते. बेअरिंग, ऑइल सील, केबल, चेन, ब्रेक लायनर, रबरी बूट, पिस्टनच्या रिंगा आणि गॅस्केट हे सगळे मी इथूनच घेतले. बेअरिंग घेताना गाडीचे नाव सांगू नये, जुन्या बेअरिंगवर कोरलेला नंबर सांगावा. तो नंबर जगभर एकच असतो. उदाहरणार्थ 6305 म्हटले की आतले भोक 25 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 62 आणि रुंदी 17, मग ते कोणत्याही गाडीत असो वा पिठाच्या चक्कीत. नंबरापुढे सी-3 असे लिहिले असेल तर तेही वाचून दाखवावे, कारण त्याचा अर्थ आतली मोकळीक नेहमीपेक्षा थोडी जास्त असा होतो आणि तापणाऱ्या इंजिनात ती लागते. ओळखीच्या गाडीचे म्हणून दिलेले बेअरिंग आणि नंबरावरून घेतलेले बेअरिंग यांच्या किमतीतही फरक पडतो, आणि तो बहुधा आपल्या बाजूने पडतो.

नाना पेठेतला दोष एवढाच की येझदीसारख्या बंद पडलेल्या गाडीचे जे भाग मिळतात त्यांत नकली आणि निकृष्ट मालाचे प्रमाण बरेच आहे आणि डबा पाहून ते ओळखता येत नाही. मी रिंगांचे दोन संच आणले तेव्हा एका संचातल्या रिंगा सिलिंडरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पात्यांनी, मोजली. एकीची फट दुसरीच्या दुप्पट निघाली. दुकानदाराने कुरकूर न करता संच बदलून दिला, ही त्याच्या बाजूने नोंदवण्यासारखी गोष्ट. माझ्या मते या पेठेत दुकान निवडण्याची कसोटी भाव नाही. काउंटरवरच माप घेऊ देतो आणि बिलावर परत घेण्याची मुदत लिहून देतो तो दुकानदार आपला. ज्याला गिऱ्हाइकाच्या हातातला कॅलिपर पाहून राग येतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

पिस्टनच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. सिलिंडर बोअर करायला, म्हणजे आतून कापून किंचित मोठा करायला, देण्याआधी पिस्टन हातात असला पाहिजे. पिस्टन 0.25, 0.50 अशा वाढीव मापांत येतात खरे, पण डब्यावरचे माप आणि प्रत्यक्ष पिस्टनचे माप यांत काही शतांश मिलिमीटरचा फरक असतोच, आणि दोन-स्ट्रोक इंजिन जाम होते ते एवढ्याच फरकाने. लेथवाल्याला पिस्टन देऊन त्याच्या मापाने सिलिंडर कापून घ्यावा, आणि बोअर झाल्यावर सिलिंडरमधल्या खिडक्यांच्या (वायू आतबाहेर जाण्याच्या भोकांच्या) धारदार कडा गोल करून मागाव्यात, नाहीतर रिंगा तिथे अडकून तुटतात. हे काम न सांगता करणारा कारागीर मिळाला तर त्याचा पत्ता जपून ठेवावा.

इंजिन बांधून झाल्यावर त्याचा हवाबंदपणा तपासण्याची जी पद्धत मला फार उपयोगी पडली ती सांगतो, कारण तिला लागणारे साहित्यही मी जुन्या बाजारातूनच घेतले. रक्तदाब मोजण्याच्या एका जुन्या यंत्राचा रबरी फुगा आणि तबकडी मला साठ रुपयांत मिळाली. सायलेन्सरच्या आणि कार्बोरेटरच्या तोंडांवर रबरी पट्टी ठेवून पत्र्याच्या चकत्या आवळल्या, प्लगच्या जागी नळी जोडणारा नट बसवला आणि काटा 250 वर येईपर्यंत फुगा दाबला. पहिल्या दिवशी काटा डोळ्यांदेखत खाली आला. साबणाचे पाणी ब्रशने लावत गेलो तेव्हा सिलिंडरच्या पायथ्याशी बारीक फुगे धरले. तिथले गॅस्केट बदलले. दुसऱ्या दिवशी बाहेर कुठेच फुगे नव्हते, तरी काटा हळूहळू उतरत होता. मग लक्षात आले की हवा क्लचच्या बाजूच्या ऑइल सीलमधून गिअरबॉक्समध्ये जात आहे. असे सील फुटलेले असेल तर चालत्या गाडीत इंजिन गिअरबॉक्समधले तेल ओढून घेते, पांढरा धूर निघतो आणि बिचारा मालक कार्बोरेटर साफ करत बसतो. सील बदलल्यावर काटा पाच मिनिटे जवळजवळ जागचा हलला नाही. त्या संध्याकाळी मी घरच्यांना पार्किंगमध्ये बोलावून तो स्थिर काटा दाखवला होता.

विजेच्या कामाविषयी थोडक्यात. गाडीची मूळ व्यवस्था 6 व्होल्टची, त्यामुळे 35 वॉटच्या दिव्यालाही जवळजवळ 6 अँपिअर प्रवाह लागतो आणि जुन्या वायरीत बरीच वीज वाया जाते. मी 12 व्होल्टची व्यवस्था केली आणि वायर, कॉइल, हॉर्न, रेग्युलेटर सर्व नवे घेतले. जुन्या बाजारातली कॉइल थंड असताना चांगली ठिणगी देते आणि तापली की गप्प होते, म्हणून ती तपासण्यातही वेळ घालवू नये. पेट्रोलची नळीसुद्धा नवी आणि इथेनॉल सोसणारी घ्यावी, कारण आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि जुने रबर त्यात फुगते किंवा तडकते.

कागदपत्रांविषयी मात्र कोणीही ढिलाई करू नये. ज्या चेसिसचे आणि इंजिनाचे नंबर आर. सी. बुकाशी जुळत नाहीत ते कितीही स्वस्त असो, घेऊ नये. नंबर ठोकलेला भाग कागदाशिवाय घेणे म्हणजे चोरीचा माल घरात आणण्याचा धोका पत्करणे होय. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर निर्बंध आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते आणखी स्पष्ट केले. म्हणून मी चेसिस कापली नाही, इंजिन मूळचेच ठेवले, आणि रंग बदलण्याआधी आर. टी. ओ.मध्ये अर्ज करून त्याची नोंद करून घेतली. गाडी पंधरा वर्षांहून जुनी असल्याने नोंदणीचे नूतनीकरणही करावे लागले. त्या तपासणीला गाडी नेताना बिलांची फाइल सोबत होती, तिचा उपयोग झाला. नाना पेठेतले प्रत्येक बिल जपावे, आणि जुन्या बाजारात बिल मिळत नाही म्हणून निदान तारखेसह वही ठेवावी.

माझ्या वहीप्रमाणे जुन्या बाजारातल्या खरेदीचा आकडा एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी आहे, पण गाडीकडे पाहिले की डोळ्यांना जे दिसते त्यातले जवळजवळ सगळे तिथले आहे. सर्वाधिक पैसे नाना पेठेत आणि लेथवर गेले, आणि ते सगळे आत, न दिसणाऱ्या जागी आहेत. गुण द्यायचे तर जुन्या बाजाराला मी पाचापैकी चार देईन. एक गुण उन्हापावसात आडोसा नसण्याचा आणि वाहन लावण्याच्या हालांचा वजा. बुधवारी गर्दी कमी वाटते, ज्यांना सुटी काढता येते त्यांनी बुधवारच धरावा. नाना पेठेला साडेतीन, आणि तेही नेमके दुकान सापडल्यावर.

गाडीने आतापर्यंत नऊशे किलोमीटर पूर्ण केले आहेत. पेट्रोलच्या लिटरला 40 मिलिलिटर तेल मिसळून मी ती चालवतो आहे, हजारानंतर थोडे कमी करीन. एका बाजूच्या टूलबॉक्सचे झाकण अजून मिळालेले नाही. त्याची चिठ्ठी चाचांकडे दिलेली आहे.